टेबलावर घेण्याआधी

दसरा झाला की कामरगावच्या शिवारात रात्रीही आवाज थांबत नाही. सोयाबीन सोंगून सुड्या लागलेल्या असतात, आभाळाचा भरवसा नसतो, आणि हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, एकदा वावरात आला की सुडी संपेपर्यंत त्याला कोणी सोडत नाही. ट्रॅक्टरच्या उजेडात चार-सहा माणसं, नाकातोंडाला बांधलेली दुपट्टी, हवेत भुसा. एक जण सुडीवरून पेंढ्या देतो, दुसरा त्या यंत्राच्या तोंडात सारतो. सारणाऱ्याचा हात दिवसभरात किती वेळा त्या तोंडाशी जातो, याची गणती कोणी ठेवत नाही.

हडंबा फिरवणारा ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. काहीतरी ओढलं जातंय हे कळून हात मागं घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात शाफ्टचे दोन फेरे होऊन गेलेले असतात. बाहीचं टोक, साडीचा पदर, मनगटाचा गंडा, काहीही पुरतं. आत ड्रमवर लोखंडी दाते असतात. ते शेंगा फोडायला बनवलेले असतात आणि हाताशीही तसेच वागतात. कापत नाहीत, चेचतात आणि ओढतात. या फरकावर पुढं सगळं अवलंबून असतं, म्हणून तो आधीच सांगितला.

कामरगाव वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात येतं. तालुका जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला. कागदोपत्री जिल्ह्याचं ठिकाण वाशीम, पण मोठं दुखणं निघालं की लोकांचे पाय अमरावतीकडे नाहीतर अकोल्याकडे वळतात, आणि त्याहून मोठं असलं तर नागपूर किंवा थेट मुंबई. हाता-पायांच्या ऑपरेशनांबद्दल लिहायचं म्हटलं की लेखणी आपसूक त्या मोठ्या शहरांतल्या थिएटरांकडे धावते. तिथं जे होतं ते थोरच आहे, आणि या लेखात ते येईलच. पण हात राहणार की जाणार, पाय कापावा लागणार की वाचणार, याचा बराचसा निकाल पेशंटला टेबलावर घेण्याआधी लागलेला असतो. तो कामरगावसारख्या गावांत लागतो. कधी पहिल्या तासात, कधी पहिल्या महिन्यात.

आधी यंत्राबद्दल. मळणी यंत्राला पीक सारण्यासाठी जे पन्हाळं असतं, ते कसं असावं याचं भारतीय मानक आहे: लांबी किमान ९०० मिलिमीटर, आणि त्यातला ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला. हिशेब साधा आहे. झाकलेला भाग हाताच्या पोचेपेक्षा लांब असला तर बोटं ड्रमपर्यंत जाऊच शकत नाहीत. १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला, तो मुख्यतः मळणी यंत्रांनी तोडलेल्या हातांमुळेच. यंत्र कसं विकायचं, कसं चालवायचं, आणि इजा झाली तर भरपाई कशी द्यायची, हे सगळं त्यात आहे. शिवारात मात्र झाकण अडचणीचं वाटतं. ओलसर सोयाबीन त्यात अडकतं, काम मंदावतं, आणि हडंब्याचं भाडं पोत्यांच्या हिशेबानं मिळायचं असल्यानं मंदावलेलं काम कोणालाच परवडत नाही. मग झाकण काढून ठेवलं जातं. हे करणारा माणूस दुष्ट नसतो. तो घाईत असतो.

आता तो पहिला तास.

हात बाहेर निघाला की सगळ्यात आधी कोणीतरी दोरी शोधतं. सुतळी, दुपट्टा, इलेक्ट्रिकचा वायर, जे सापडेल ते दंडाला करकचून आवळलं जातं. रक्त थांबतं खरं. पण अशी गाठ दोन तासांहून जास्त राहिली तर खालचं स्नायूचं मांस मरू लागतं. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून तळहाताच्या जोरानं दाबून धरायचं आणि हात छातीच्या वर उचलून ठेवायचा, एवढ्यानं बहुतेक रक्तस्राव आटोक्यात येतो. त्यानंतर हळद. हळदीवर कोणाचाच राग नसतो, पण ती नंतर खरवडून काढावी लागते, आणि काढताना तिच्याबरोबर जिवंत मांसही थोडं जातं. कधी चहाची पूड, कधी माती, ट्रॅक्टर जवळ असला तर डिझेलसुद्धा. शेतातली जखम आधीच मातीनं आणि भुशानं भरलेली असते. म्हणूनच हाडांचे सर्जन उघड्या, म्हणजे वर जखम असलेल्या, फ्रॅक्चरची प्रतवारी करताना शेतातल्या जखमेला, ती दिसायला लहान असली तरी, बहुधा थेट तिसऱ्या आणि सगळ्यात वाईट गटात टाकतात. ही प्रतवारी गुस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली मांडली, आणि आजही अमरावतीपासून अमेरिकेपर्यंत केसपेपरवर तीच लिहिली जाते.

गेली कित्येक दशकं डॉक्टरांना एक नियम शिकवला जायचा: उघडं फ्रॅक्चर सहा तासांच्या आत टेबलावर घेतलंच पाहिजे. या सहा तासांचा उगम गमतीशीर आहे. १८९८ साली फ्रिडरिख नावाच्या जर्मन सर्जननं गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ घातली आणि किती वेळात जंतू पसरतात ते पाहिलं. त्या बिचाऱ्या प्राण्यांवरून निघालेला आकडा शंभर वर्षं माणसांना लावला गेला. पुढच्या अभ्यासांनी तो बराच सैल केला. सर्जनच्या हाती जखम किती लवकर पडते, याच्याइतकंच किंवा त्याहून जास्त महत्त्वाचं आहे अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन किती लवकर पडतं ते. पहिल्या तीन तासांत, आणि जमलं तर पहिल्याच तासात.

हे मला फार मोलाचं वाटतं. कारण ऑपरेशन थिएटर प्रत्येक गावात उभं राहणार नाही, पण शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक, धनुर्वाताचं इंजेक्शन, सलाईननं धुतलेली जखम, एक स्वच्छ ओलसर पट्टी आणि हात हलू नये म्हणून बांधलेली फळी, एवढं कुठल्याही सरकारी दवाखान्यात होऊ शकतं. पुष्कळदा नातेवाईक तिथं थांबायलाच तयार नसतात. ‘इथं काय होणार जी, सरळ अमरावतीले नेतो,’ म्हणत गाडी दवाखान्यासमोरून निघून जाते. त्या वीस मिनिटांची घाई पुढं फार महागात पडते. आणि कधी चूक दवाखान्याची असते. ‘पुढं न्या’ एवढंच सांगितलं जातं, इंजेक्शन राहतं, चिठ्ठीवर वेळ लिहिलेली नसते, आणि पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून विचारत बसावं लागतं.

रस्त्यांचं मात्र बरंच सुधारलं. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ साली आली. समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातूनच जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला, आणि त्याच दिवशी नागपूरच्या एम्सचंही उद्घाटन झालं. कारंज्याच्या माणसाला नागपूर एवढं जवळ कधीच नव्हतं. त्याच रस्त्यानं वेगाच्या अपघातांतले मोडलेले पायही दिले, ते सोडा.

टेबलावर घेतल्यावर पहिलं काम जोडण्याचं नसतं, धुण्याचं असतं. मोठ्या जखमेला नऊ-नऊ लिटर सलाईन लागतं. नळीतून धार सोडत, बोटांनी चाचपत, भुशाची कुसं, शेंगांची टरफलं, बाहीचे धागे एकेक करून काढायचे. मग मेलेलं मांस ओळखायचं. त्यासाठी कुठलंही यंत्र नाही. सर्जन चिमट्यानं स्नायू हलकेच धरतो. जिवंत असला तर तो आक्रसतो, कापला तर रक्त येतं, रंग लालसर असतो, हाताला घट्ट लागतो. काळपट, लिबलिबीत, न हलणारा असला तर तो काढून टाकावाच लागतो. नवशिका डॉक्टर इथं हात आखडता घेतो, कारण काढलेलं परत मिळत नाही. जुना सर्जन निर्दयपणे काढतो, कारण ठेवलेलं मेलेलं मांस चार दिवसांनी अख्खा हात मागतं. जखम शिवत नाहीत, उघडीच ठेवतात, आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा टेबलावर घेतात. नातेवाइकांना हे कोणी समजावलं नाही तर ते हादरतात: ‘ऑपरेशन झालं म्हणता, अन् जखम तर उघडीच!’

हाडाला बाहेरून लोखंडी सळ्यांचा सांगाडा लावतात. तो फिक्सेटर. कातडी नसलेल्या जागी मांस झाकायचं तर एक जुनी, स्वस्त आणि भरवशाची युक्ती आहे. हात जांघेला शिवतात. जांघेतल्या कातडीचा एक पट्टा अर्धवट उचलायचा, त्याची मूळची रक्तवाहिनी तशीच ठेवायची, आणि मोकळं टोक हाताच्या जखमेवर शिवायचं. तीन आठवडे पेशंट हात जांघेत अडकवून झोपतो, बसतो, जेवतो. तेवढ्यात हाताकडून नव्या रक्तवाहिन्या त्या कातडीत शिरतात, मग मूळ कापून हात सोडवतात. मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी हा जांघेचा फ्लॅप १९७२ साली मांडला. त्याला मायक्रोस्कोप लागत नाही, म्हणून सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या ठिकाणीही तो हात वाचवतो. वॉर्डातल्या गड्याला मात्र त्या तीन आठवड्यांची लाज वाटते, आणि बायकांना तर फारच. चादर कशी पांघरायची, लघवीला कसं जायचं, हे शिकवणारी सिस्टर तिथं सर्जनइतकीच कामाची.

कातडीचा असा पट्टा फिरवून बसवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक आणि एक हात टिपूच्या माणसांनी कापला होता. पुण्याजवळ एका कारागिरानं त्याच्या कपाळाची कातडी खाली आणून त्याला नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ती हकिकत चित्रासह छापली आणि युरोपातले सर्जन थक्क झाले. नाकाची ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. हाताबद्दल कोणी बोलत नाही. हात तसाच राहिला, कारण नाकाला आकार पुरतो. हाताला हाड, शिरा, नसा आणि स्नायूंच्या दोऱ्या, सगळं एकाच वेळी लागतं.

तुटलेला अंगठा रक्तवाहिन्यांसकट पुन्हा जोडण्याचं काम माणसाला १९६५ साली जपानात पहिल्यांदा साधलं. आता नागपूर, पुणे, मुंबईला हे होतं, आणि मोबाइलवर तशी बातमी वाचलेला पोरगा तुटलेली बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून घेऊन येतो. बर्फ थेट लागला की ती गोठून निकामी होतात. तुटलेला भाग ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचा, कोरड्या पिशवीत घालायचा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोटांना असे बरेच तास मिळतात. दंडातून तुटलेल्या हाताला, त्यात मांस असल्यानं, थंड न ठेवता जेमतेम सहा. पण सुरुवातीला सांगितलेला फरक इथं आडवा येतो. कडबा कुट्टीच्या पात्यानं कापलेली बोटं पुष्कळदा जोडता येतात, हडंब्यानं ओढलेला हात सहसा नाही. नसा मुळातून उपसून आलेल्या असतात. तिथं जोडण्याचा हट्ट धरण्यापेक्षा चांगला ठुंठा राखणं हेच कौशल्य, कारण कृत्रिम हात त्या ठुंठ्यावरच बसणार असतो.

पायाचं हाड मधून इंच-दोन इंच गेलं तर आणखी एक वाट आहे. सैबेरियातल्या कुर्गान गावी १९५१ पासून इलिझारोव यांनी ती घडवली. पायाभोवती कड्या, कड्यांतून तारा, आणि स्क्रूनं हाड रोज एक मिलिमीटर सरकवायचं, तेही एकदम नाही, पाव-पाव करून चार वेळा. मधल्या पोकळीत नवं हाड धरतं. महाराष्ट्रात हे तंत्र रुजवलं मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी, आणि तिथं शिकून गेलेले डॉक्टर देशभर आहेत. स्क्रू फिरवायचं काम मात्र डॉक्टर करत नाही. घरी बायको करते, नाहीतर शाळेत जाणारी पोरगी.

आता दुसरं दुखणं. याला रक्त नाही, आरडाओरडा नाही, गाडी काढायची घाई नाही.

चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा कबड्डीत पडतो. गुडघ्याला मुका मार. चार दिवसांनी खेळणारी पोरं बरी होतात, याचा गुडघा दुखतच राहतो. रात्री जास्त दुखतो. गुडघ्याच्या जरा वर सूज दिसते, टणक, हाताला कोमट. घरात सगळ्यांच्या मते ती लचक असते. हाडवैद्याकडे नेतात. या माणसांबद्दल माझ्या मनात तिरस्कार नाही, साधी मोडलेली हाडं बसवण्यात काहींचा हात खरोखर चांगला असतो. पण इथं तो तेल लावून चोळतो, लेप देतो, बांबूच्या कामट्या बांधतो. आणि ती गाठ हाडाच्या कॅन्सरची असेल, तर चोळून नुकसान मात्र होतं, आणि त्याहून मोठं नुकसान गेलेल्या आठवड्यांचं.

कबड्डीच्या मारानं कॅन्सर होत नाही. मार लागला म्हणून तिकडे लक्ष जातं, एवढंच. ऑस्टिओसारकोमा हा हाडाचा कॅन्सर वाढीच्या वयातला, आणि त्याची आवडती जागा गुडघ्याजवळचं हाड, कारण त्या वयात हाड सगळ्यात जोरात वाढतं ते तिथंच. मार लागून महिना झाला, सूज उतरत नाही, रात्री झोपमोड होते, तर एक साधा एक्स-रे काढायचा. कारंज्यात निघतो. एक्स-रेत हाडाभोवती उन्हाच्या किरणांसारख्या रेघा दिसल्या की पाहणाऱ्या डॉक्टरचा चेहरा बदलतो.

इथं दुसरी घाई घात करते. ‘गाठ आहे, काढून टाकू,’ म्हणून जवळच्याच हॉस्पिटलात चीर दिली जाते. हाडाच्या गाठीचा तुकडा कुठून घ्यायचा, हे पुढचं मोठं ऑपरेशन करणाऱ्यानंच ठरवायला हवं, कारण सुई जिथून गेली ती वाटही पुढं कापून काढावी लागते. चुकीच्या जागी आडवी चीर दिली तर तिच्यामुळे वाचणारा पाय जाऊ शकतो. बोस्टनच्या हेन्री मॅन्किन यांनी १९८२ साली ३२९ रुग्णांचा हिशेब मांडला होता. त्यातल्या ४.५ टक्के लोकांचा पाय किंवा हात निव्वळ बायोप्सी नीट न झाल्यामुळे विनाकारण कापावा लागला होता. अमेरिकेत. आपल्या जिल्ह्यांत असा हिशेब कोण मांडणार?

मग मुंबई. परळचं टाटा हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ ला सुरू झालं. वऱ्हाडातून तिथं जाणाऱ्याला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा माहीत असते. कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातलग तिथं महिनोन्‌महिने राहतात. गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, त्यामुळे अनोळखी मुंबईत ते नाव पाहून वऱ्हाडी माणसाला जरा हायसं वाटतं.

पूर्वी या आजाराला एकच उत्तर होतं, पाय कापणं, आणि तरीही पाचातला जेमतेम एक जगायचा, कारण निदान होईपर्यंत आजार बारीक रूपात फुफ्फुसात पोचलेला असायचा. केमोथेरपीनं हे बदललं. आधी केमो देऊन मग ऑपरेशन करायचं, हा आजचा क्रम सुरू झाला तो मात्र जवळजवळ योगायोगानं. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये गाठ काढून धातूचा सांधा बसवायचं ठरायचं, पण सांधा मापानं बनवून यायला दोन-तीन महिने लागायचे. तोवर रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधं सुरू केली, आणि ही वाट फायद्याचीच निघाली. आज आजार पसरण्याआधी आलेल्या मुलांपैकी साठ-सत्तर टक्के जगतात, आणि बहुतेकांचा पाय राखता येतो.

पाय राखण्याचे मार्ग ऐकले तर गावात कोणी विश्वास ठेवणार नाही. एक म्हणजे धातूचा मोठा सांधा. परदेशातून मागवलेला शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा, म्हणून टाटाच्या सर्जननी देशातच सांधा घडवण्याचं काम हाती घेतलं, आणि त्यात आयआयटी मुंबईच्या इंजिनिअरांचीही साथ मिळाली. दुसरा मार्ग म्हणजे गाठीसकट हाड कापून बाहेर काढायचं, त्यावरचं मांस खरवडायचं, पिशवीत गुंडाळून रेडिएशनच्या यंत्राखाली ५० ग्रेचा एकच मोठा डोस द्यायचा, आणि तेच हाड परत आणून पट्ट्या मारून बसवायचं. पेशंट तोवर टेबलावरच. हाडातली पेशी न् पेशी मेलेली असते, पण सांगाडा त्याच्याच मापाचा.

तिसरा मार्ग मला सगळ्यात हुशारीचा वाटतो आणि घरच्यांना सगळ्यात भयंकर. मूल आठ-दहा वर्षांचं आहे, अजून वाढायचं आहे, धातूचा सांधा वाढणार नाही. मग गुडघा आणि वरची गाठ काढून टाकतात, मुख्य नस मात्र जपून ठेवतात, आणि खालचा पाय अर्धा फिरवून मांडीच्या उरलेल्या हाडाला जोडतात. टाच पुढं, बोटं मागं. घोटा आता गुडघ्याच्या जागी आलेला असतो आणि गुडघ्याचंच काम करतो. पाऊल कृत्रिम पायात बसतं आणि तो चालवतं. असं मूल पळतं, सायकल चालवतं, झाडावर चढतं, आणि पुन्हा-पुन्हा ऑपरेशन लागत नाही. पण उलटं पाऊल पाहून आई-बाप मागं सरतात. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य त्या खोलीत सर्जनच्या सगळ्या आकड्यांपेक्षा जड ठरतं. मुलगी असली तर आणखीच.

पैशाचं आता पूर्वीइतकं अडत नाही. सरकारी खर्चानं उपचार देणारी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात अमरावती होता आणि वाशीम नव्हता. वाशीमला ती पुढच्या वर्षी, २१ नोव्हेंबर २०१३ ला पोचली. आता तिला महात्मा फुलेंचं नाव आहे आणि मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली आहे. वाशीमला सरकारी मेडिकल कॉलेजही २०२४ साली आलं. औषधांचा खर्च सुटतो, पण मुंबईत बापाची बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही.

आणि हात गेलेल्या माणसाचं काय? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख आणि एक हात किंवा पाय गेल्यास एक लाख मिळतात. पण ते सात-बाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो तो बहुधा भूमिहीन मजूर. त्याच्यासाठी भरपाईचा कायदा आहे. ट्रॅक्टर किंवा यंत्राच्या जोरावर चालणाऱ्या शेतीकामातला मजूर त्यात येतो, आणि कशाला किती टक्के हे परिशिष्टात छापलेलं आहे: अंगठा ३०, एका हाताची चार बोटं ५०, अख्खा पंजा ६०. दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. पण मालक गावातलाच असतो, पुढच्या हंगामातही काम त्याच्याकडेच मागायचं असतं, दवाखान्याचा पहिला खर्च त्यानंच दिलेला असतो. म्हणून दवाखान्यात नाव लिहिताना ‘कसं झालं’ असं विचारलं की सोबतचा माणूस घाईनं ‘घरी पडला’ म्हणून सांगून टाकतो. पुढं दावा करायचा ठरलाच, तर समोरचा वकील सगळ्यात आधी तो केसपेपर काढतो.